दर मे महिन्यात तेच दुखणं: ऑइल जाड करण्याआधी काय तपासायचं

पारोळा ते धुळे, जाऊन-येऊन सत्तरेक किलोमीटर, रोज मोटारसायकलवर. गाडी शंभर सीसीची, एअर-कूल्ड, आठ वर्षं वापरलेली. गेली तीन वर्षं एप्रिल संपत आला की तिचं एकच दुखणं सुरू व्हायचं. दुपारी परत येताना इंजिनचा आवाज कोरडा व्हायचा, टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) कटकट वाजायचे, चढावर गाडी मान टाकायची. गॅरेजवर गेलं की उत्तर ठरलेलं: "उन्हाया शे ना भाऊ, जाड ऑइल टाकनं पडी." पुस्तकात १०डब्ल्यू-३० लिहिलेल्या गाडीत मग २०डब्ल्यू-५० जायचं. पंधरा-वीस दिवस आवाज दबायचा. जून उजाडायच्या आत पुन्हा तीच कटकट.

त्याच दिवसांत नानांच्या, म्हणजे माझ्या मोठ्या काकांच्या पिकअपचंही असंच चाललं होतं. चाळीसगावहून भाजीपाला भरून कन्नडचा घाट चढायचा, वर चहाला थांबायचं, आणि गाडी न्यूट्रलला उभी असताना डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लुकलुकायचा. रेस दिली की विझायचा. तिथेही सल्ला एकच, जाड ऑइल.

दोन गाड्या, दोन वेगळी कारणं. दोन्हीकडे पुस्तकातला ऑइलचा नंबर बरोबर होता. आपल्याकडे जळगाव, भुसावळला पारा ४५ च्या पुढे गेला की अर्ध्या खान्देशच्या गाड्यांत जाड ऑइल जातं, आणि खरं दुखणं आत तसंच राहतं. त्यातली निम्मी इंजिनं पुढे वेळेआधी खोलावी लागतात असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

डब्यावरचे आकडे

१०डब्ल्यू-३० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या अलीकडचा आकडा थंड इंजिन सुरू होतानाची गोष्ट सांगतो, पलीकडचा तापलेल्या इंजिनातली. हे वर्ग एसएई या संस्थेच्या जे३०० या मानकात ठरवून दिले आहेत. १०० अंश सेल्सिअसला ऑइल किती दाट राहतं ते सेंटीस्टोक या एककात मोजतात. ३० नंबरचं ऑइल ९.३ ते १२.५ च्या दरम्यान हवं, ४० चं १२.५ ते १६.३, ५० चं १६.३ ते २१.९. साध्या खोलीतलं पाणी साधारण १ भरतं, म्हणजे अंदाज येईल.

डब्ल्यूच्या अलीकडच्या आकड्याची परीक्षा खरोखरच्या थंडीत होते. इंजिन फिरवता येतं का ते २०डब्ल्यूसाठी उणे १५ अंशांना बघतात, १५डब्ल्यूसाठी उणे २० ला, १०डब्ल्यूसाठी उणे २५ ला, ५डब्ल्यूसाठी उणे ३० ला. आता आपली थंडी बघा. धुळ्यात डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहा अंशांवर येतो, सातपुड्यात तोरणमाळकडे पहाटे दव गोठतं. ही थंडी बोचरी खरी, पण २०डब्ल्यूचं ऑइलसुद्धा तिच्यात गोठून बसत नाही. म्हणून केवळ थंडीच्या भीतीने ०डब्ल्यू किंवा ५डब्ल्यूचा महाग डबा घ्यायची खान्देशात गरज नाही. गाडीच्या पुस्तकात तो लिहिला असेल तर मात्र तोच टाकायचा, कारण तिथे इंजिनची बांधणीच त्या ऑइलसाठी केलेली असते.

याचा अर्थ थंडीत काहीच फरक पडत नाही असा नाही. बाजारातलं नेहमीचं २०डब्ल्यू-५० आणि नेहमीचं १०डब्ल्यू-३० घेऊन आठ अंशांच्या सकाळी तुलना केली, तर पहिलं दुसऱ्याच्या तिपटीच्या आसपास दाट असतं. छोट्या इंजिनात हेडपर्यंत, म्हणजे कॅमशाफ्ट आणि रॉकरपर्यंत ते चढायला तेवढा उशीर लागतो. उन्हाळ्यात टाकलेलं जाड ऑइल दिवाळीनंतरही गाडीत राहिलं तर पहाटे पहिले काही सेकंद वरचा भाग कोरडा घासतो. रोज दोन-तीन वेळा थंड गाडी सुरू करणाऱ्याने याचा विचार करावा.

एक गैरसमज फार पसरलेला आहे. मल्टिग्रेड ऑइल गरम झालं की जाड होतं असं पुष्कळ जण सांगतात. कुठलंही ऑइल तापलं की पातळच होतं. मल्टिग्रेड साध्या ऑइलपेक्षा कमी पातळ होतं, इतकंच.

४५ अंशांचं ऊन इंजिनात किती शिरतं

सगळा घोळ इथे होतो. बाहेर दहा अंश वाढले म्हणजे ऑइलही तेवढंच तापणार असं आपण गृहीत धरतो.

कार, पिकअप, ट्रॅक्टर यांना रेडिएटर आणि थर्मोस्टॅट असतो. थर्मोस्टॅट पाणी ८०-९० अंशांच्या आसपास धरून ठेवतो, मग बाहेर डिसेंबर असो की मे. रेडिएटर साफ आहे, पंखा फिरतोय, कूलंट पुरेसा आहे, तर उन्हाळ्यात ऑइलचं तापमान थोडंच वाढतं. अशा गाडीत केवळ पारा ४५ ला गेला म्हणून नंबर बदलायचं कारण नाही. कंपनीने आकडा ठरवतानाच भारतातला उन्हाळा धरलेला असतो.

एअर-कूल्ड मोटारसायकलचं तसं नाही. तिला थंड करते ती समोरून येणारी हवा, आणि ती हवाच भट्टीतून आल्यासारखी असेल तर बाहेर वाढलेले दहा अंश जवळजवळ तसेच ऑइलमध्ये उतरतात. त्यात धुळ्याच्या चौकात सिग्नलला उभं राहिलं की वाराही नाही. म्हणजे जाड ऑइलच्या सल्ल्यात थोडं तथ्य असेल तर ते इथे आहे.

आता एक हिशेब बघा. नेहमीच्या माहितीपत्रकांतले आकडे घेतले तर २०डब्ल्यू-५० हे १२० अंशांना जेवढं दाट उरतं, साधारण तेवढंच १०डब्ल्यू-३० हे १०० अंशांना असतं. म्हणजे ३० वरून ५० वर जाऊन आपण वीसेक अंशांची भरपाई करतो. ३० वरून ४० ची एक पायरी म्हणजे दहाएक अंश. मग पायरी चढवण्याआधी इंजिन तेवढं जास्त तापतंय का, आणि तापत असेल तर कशामुळे, हे बघायला नको का? इंजिन जास्त तापण्याचं कारण निघालं आणि तेच दूर झालं, तर पुस्तकातलंच ऑइल पुरतं.

मोटारसायकलमध्ये काय निघालं

मागच्या मे महिन्यात मी ठरवलं की नंबर बदलायचा नाही. १०डब्ल्यू-३० च भरलं आणि दर रविवारी सकाळी पातळी बघून वहीत लिहून ठेवली.

पातळी बघायची रीतही मला तोवर धड माहीत नव्हती. साइड स्टँडवर गाडी तिरपी असताना ऑइलची पातळी दाखवणारी काडी (डिपस्टिक) चुकीचं दाखवते. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर घ्यायची, दोन-तीन मिनिटं चालवून बंद करायची, पुन्हा दोन-तीन मिनिटं थांबायचं, काडी पुसायची आणि मग बुडवायची. बऱ्याच मोटारसायकलींत काडी आटे न फिरवता नुसती टेकवायची असते. काही गाड्यांत आटे आवळून बघायचं असतं. पुस्तकात चित्र असतं, तेच खरं.

चार आठवड्यांत कारण हातात आलं. गाडी ऑइल खात होती. शंभर सीसीच्या इंजिनात ऑइल मावतं एक लिटरच्या आत-बाहेर. त्यातलं पावशेर गेलं म्हणजे चौथा हिस्सा गेला. उरलेल्या पाऊण लिटरला तेवढीच उष्णता वाहून न्यायची, म्हणजे ते आणखी तापणार, आणखी पातळ होणार आणि आणखी जळणार. दर वर्षी जाड ऑइल टाकल्यावर पंधरा-वीस दिवस बरं वाटायचं त्याचं कारणही कळलं. गुण ५० नंबरचा नव्हता. नवं ऑइल भरल्यामुळे पातळी पूर्ण झालेली असायची, म्हणून आवाज जायचा. जसजसं ते कमी होत गेलं, तसतसा आवाज परत यायचा.

हेड खोललं तेव्हा व्हॉल्व्हचे ऑइल सील कडक होऊन फाटलेले होते. सील स्वस्त असतात, खर्च सगळा खोलण्या-बसवण्याच्या मजुरीचा. त्याच दिवशी सिलिंडरच्या पात्यांमधली माती काढली. आपली काळी माती पावसाळ्यात चिखल होऊन पात्यांत बसते आणि उन्हाळ्यात विटेसारखी कडक होते. वरून कापसाचा तंतू चिकटतो. पात्यांमधून वाराच जाणार नसेल तर ४५ अंश काय आणि ३५ काय. ही माती इंजिन थंड असताना भिजवून, लाकडी काडीने आणि ब्रशने काढावी. तापलेल्या इंजिनावर थंड पाण्याचा फवारा कधीच मारू नये.

एअर फिल्टर झटकून चालणारा होता की बदलण्याचा, यावर मिस्तरींशी थोडा वाद झाला. मी बदलला. फिल्टरमधून निसटलेली बारीक धूळ रिंगा आणि सिलिंडर घासते, आणि मग गाडी ऑइल खायला लागते, म्हणजे फिरून तिथेच. शिवार रस्त्याने, नांगरटीच्या धुळीतून रोज जाणाऱ्यांनी फिल्टर आणि ऑइल दोन्ही पुस्तकातल्या मुदतीच्या आधीच बदलावेत. बहुतेक पुस्तकांत धुळीच्या वापरासाठी वेगळी, कमी मुदत छापलेली असतेच.

मागच्या मेपासून गाडीत १०डब्ल्यू-३० आहे. काडीवरची पातळी दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये केसभर उतरते.

नानांच्या पिकअपचा लाल दिवा

हे प्रकरण जास्त गंभीर होतं, कारण ऑइलचा दिवा म्हणजे दाबाचा दिवा. ऑइल संपत आलं हे सांगायला तो बसवलेला नाही. मुख्य नळीतला दाब साधारण अर्ध्या बारच्या (बार हे दाबाचं एकक) आसपास किंवा त्याच्या खाली गेला की तो पेटतो. चालत्या गाडीत दिवा पेटून राहिला तर बाजूला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करायचं, पुढच्या गावापर्यंत रेटायचं नाही. तेवढ्या अंतरात क्रँकचे बेअरिंग जाऊ शकतात. लहान मोटारसायकलींना हा दिवा बहुधा नसतोच, म्हणून तिथे काडी बघण्याला पर्याय नाही.

नाना निर्धास्त होते. "आपली गाडी ऑइल खात नाही, उलट भरलेलीच राहते," असं ते अभिमानाने सांगायचे. खरी खूण नेमकी त्या वाक्यात होती. काडी काढली तर ऑइल वरच्या खुणेच्याही वर. न घालता ऑइल वाढतं कसं? काडीचा वास घेतला, डिझेलचा वास आला. बोटांत चोळलं तर चिकटपणाच नाही. चाळीसगावच्या एका जुन्या फिटरने दिव्याचं स्विच काढून तिथे काट्याचं प्रेशर गेज लावलं. तापलेल्या इंजिनात न्यूट्रलला ०.४ बार भरला. एक इंजेक्टर नीट बंद न होता ठिबकत होता, आणि न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरत होतं.

त्यात २०डब्ल्यू-५० ओतलं असतं तर दिवा महिनाभर विझला असता. डिझेल मिसळत राहिलं असतं आणि एक दिवस घाटात इंजिन धरलं असतं. इंजेक्टर दुरुस्त केला, ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलला, पुस्तकातलंच १५डब्ल्यू-४० भरलं. पुन्हा गेज लावलं तर तापलेल्या न्यूट्रलला १.३ बार. फिटर लोकांचा जुना अंदाज असा की इंजिनच्या मिनिटाला दर हजार फेऱ्यांमागे दहा पीएसआय (दाबाचंच दुसरं एकक), म्हणजे पाऊण बारच्या जवळपास, दाब असला की बेअरिंगला काळजी नाही. न्यूट्रलच्या सात-आठशे फेऱ्यांना १.३ म्हणजे चांगलंच.

ज्यांची डिझेल गाडी १ एप्रिल २०२० नंतरची, बीएस-सहाची आहे, त्यांनी हे आणखी लक्षात ठेवावं. धुराड्यातल्या डीपीएफ फिल्टरमधली काजळी जाळण्यासाठी पुष्कळ गाड्या जास्तीचं डिझेल सिलिंडरमध्ये सोडतात. गाडी गावातल्या गावात फिरत असेल आणि ही जाळणी अर्धवट सुटत असेल, तर त्यातलं काही डिझेल ऑइलमध्ये उतरतं. पातळी वर चढत असेल तर ऑइल बदला, आणि आठवड्यातून एकदा गाडी हायवेला सलग अर्धा तास चालवा. अशा गाडीला कमी राखेचं ऑइलच लागतं, नाहीतर डीपीएफ तुंबतो. म्हणून डब्यावर नंबरासोबत एपीआय किंवा एसीईए (ऑइलची प्रत ठरवणाऱ्या संस्था) यांचा दर्जाही पुस्तकाशी जुळवून घ्या.

दिवा लुकलुकण्याची आणखी साधी कारणंही असतात. दिव्याचं स्विचच खराब असणं, ऑइल फिल्टर तुंबणं, सम्पमधली (इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं तिथली) जाळी गाळाने भरणं. गेज लावायला दहा मिनिटं लागतात. गेज न लावता केलेलं निदान मी तरी आता ऐकत नाही.

मग कुणी काय टाकावं

पहिलं उत्तर गाडीचं पुस्तक. त्यात पुष्कळदा तापमानाच्या पट्ट्यांचं एक चित्र असतं. खाली अंश, वर आडव्या पट्ट्या, प्रत्येक पट्टीवर एक नंबर. आपल्या भागाची मर्यादा पाच ते सत्तेचाळीस अंश धरा. जी पट्टी ही दोन्ही टोकं झाकते ती आपली. चित्रात दोन-तीन पट्ट्या बसत असतील, तर त्यांतली निवड वापरावरून करायची.

हिरोच्या स्प्लेंडरसारख्या गाड्यांना १०डब्ल्यू-३० सांगितलेलं आहे, रॉयल एनफिल्डच्या ३५० सीसी इंजिनांना १५डब्ल्यू-५०. दोन्ही मुख्यतः एअर-कूल्ड, दोन्ही याच उन्हात फिरतात, तरी आकडे वेगळे. इंजिनचा आकार, बेअरिंगमधली फट, पंपाची ताकद या गोष्टी आकडा ठरवतात. शेजाऱ्याच्या बुलेटला जे चालतं ते आपल्या शंभर सीसीला चालेल असं नाही.

नव्या पेट्रोल कारबद्दल कळकळीने सांगतो. मारुतीच्या अलीकडच्या काही इंजिनांना ०डब्ल्यू-१६ लागतं, पाण्यासारखं पातळ वाटणारं. ते हातात घेऊन "हे आपल्या उन्हात काय टिकणार" असं वाटतं आणि लोक २०डब्ल्यू-५० ओततात. या इंजिनांतले ऑइलचे मार्ग बारीक असतात आणि व्हॉल्व्हची वेळ पुढे-मागे करणारी यंत्रणा ऑइलच्याच दाबावर चालते. जाड ऑइलने ती मंदावते, मायलेज पडतं, काही वेळा इंजिनचा दिवाही लागतो.

ट्रॅक्टरची गोष्ट निराळी. मे महिन्यात रोटाव्हेटर मारताना तासन्‌तास पूर्ण जोर, समोरून वारा नाही आणि सगळीकडे धूळ. तिथे १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४०, जे कंपनीने सांगितलं ते, पुरेसं असतं. पण रेडिएटरची जाळी रोज संध्याकाळी साफ झालीच पाहिजे. ऑइल-बाथ एअर क्लीनर असेल तर त्याची वाटी उघडून बघा. तळाशी चिखल बसला असेल तर त्याच दिवशी त्या वाटीतलं ऑइल बदला. रेडिएटरमध्ये बोअरचं क्षाराचं पाणी ओतू नका. आत खडूसारखा थर बसला की कितीही जाड ऑइल त्या इंजिनला थंड ठेवणार नाही.

एक पायरी जाड ऑइल टाकणं कधी योग्य? पुस्तकातली पट्टी परवानगी देत असेल, इंजिन जुनं झालं असेल, रोज भरपूर लोड घेऊन लांब जाणं असेल, आणि वर सांगितलेली सगळी तपासणी होऊनही तापल्यावर दाब कमी भरत असेल, तेव्हा. ३० असेल तर ४० करा, एकदम ५० वर उडी नको. आणि तेव्हाही रिंगा-बेअरिंगचं काम पुढे ढकललं जातंय हे मनात ठेवा.

मोटारसायकलचा क्लच

नंबर बरोबर आणि तरी गाडी ओढत नाही, रेस वाढते पण वेग नाही, असं ऑइल बदलल्यावर लगेच सुरू झालं तर डबा बघा. बहुतेक मोटारसायकलींत क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारे घटक घातलेले असतात, त्यांनी क्लचच्या प्लेटा घसरतात. मोटारसायकलच्या डब्यावर जासो (जपानी मानक) एमए किंवा एमए२ लिहिलेलं हवं. स्कूटरचा क्लच कोरडा असतो, तिच्यासाठी एमबी चालतं. घरात दोन्ही गाड्या असतील तर एकच मोठा डबा आणायचा मोह टाळा.

ड्रममधलं सुटं ऑइल घेऊ नका. त्याचा नंबर, दर्जा, काहीच कळत नाही. सीलबंद डबा घ्या, आपल्यासमोर फोडायला लावा, आणि रिकामा डबा कापून टाका. तो शाबूत राहिला तर त्यातच पुन्हा काय भरलं जाईल सांगता येत नाही.

नानांनी आता पिकअपच्या कप्प्यात एक जुनं फडकं आणि छोटी वही ठेवली आहे. दर सोमवारी माल भरण्याआधी, इंजिन थंड असताना, ते काडी बघतात आणि तारखेपुढे खूण करतात. या मे महिन्यात कन्नडच्या घाटावर दिवा एकदाही लागलेला नाही. पातळी वरच्या खुणेपासून दोन मिलिमीटर खाली, सात आठवडे तिथेच आहे.